फळमाशीत दुसऱ्या नराचा वाटा (पी-२): क्रम उलटला की आकडा का घसरतो?

प्रश्न
ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरमधली (फळमाशी) शुक्राणू-स्पर्धा, म्हणजे एकाच मादीत दोन नरांच्या शुक्राणूंची चुरस, मोजतोय. मादी एबनी (काळ्या अंगाचे उत्परिवर्तित वाण), पहिला नर एबनी, दुसरा वाइल्ड-टाइप (सामान्य, तपकिरी). म्हणजे काळी संतती पहिल्याची, तपकिरी दुसऱ्याची. नरांचा क्रम उलटला की पी-२ (संततीतला दुसऱ्या नराचा वाटा) घसरतो. काही व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या छोट्या बाटल्या) तर शून्यच येतो. त्या गाळाव्यात का? तापमान २५ अंश, दुसरा नर रात्रभर सोबत.

उत्तर १
आधी ते 'रात्रभर' बंद करा. मीलन झालेच नाही की दोनदा झाले, कळायला मार्ग राहत नाही. पहिल्या मीलनानंतर वीर्यातल्या सेक्स पेप्टाइडमुळे मादी काही दिवस नराला झिडकारते, म्हणून दोन-तीन दिवसांनी सकाळी नर सोडा आणि समोर बसून वेळ नोंदवा. मीलन साधारण १५-२० मिनिटे चालते. दोन-चार मिनिटांत सुटलेली जोडी वगळा. मीलन पाहिले नसेल तर शून्य गाळा. पूर्ण वेळ चाललेले पाहिले असेल तर शून्यही ठेवा, तो निकालच आहे.

आणि मीलन संपताच मादी नव्या व्हायलमध्ये हलवा. दोन मीलनांमधली अंडी पी-२ मध्ये धरायची नाहीत.

उत्तर २
घसरण मार्करची (पिता ओळखायच्या रंग-खुणेची) दिसते. एबनी अळ्या गर्दीत जास्त मरतात, मग एबनी नर ज्या क्रमांकावर असेल त्याचा वाटा कमी दिसतो. एकाच नराशी जुळवलेल्या माद्यांची अंडी मोजून दोन्ही प्रकारांचा अंडे-ते-प्रौढ टिकाव काढा. समजा एबनी ७० टक्के, वाइल्ड-टाइप ८५ टक्के. ३० काळ्या आणि १७० तपकिरी माश्या मिळाल्या तर कच्चा पी-२ ८५ टक्के, पण ३०/०.७० म्हणजे ४३ आणि १७०/०.८५ म्हणजे २००, म्हणून खरा ८२ टक्क्यांच्या आसपास. मादी दर दोन दिवसांनी हलवली की गर्दीच कमी होते. बेटमनच्या १९४८ च्या फळमाशीवरील मीलन-यशाच्या प्रयोगावर (त्यात पिता संततीच्या उत्परिवर्तन-खुणांवरून ओळखला होता) २०१२ मध्ये गोवाटी आणि सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप हाच: दोन उत्परिवर्तने एकत्र आलेली संतती मरत होती, आणि पितृत्वाचा हिशेब बिघडत होता.

उत्तर ३
व्हर्जिनही (आधी मीलन न झालेल्या माद्या) तपासा. तुमच्या रचनेत स्टॉकमधल्या (जोपासलेल्या वाणाच्या) एबनी नराशी आधीच मीलन झालेली मादी ओळखूच येत नाही. तिची संतती गुपचूप एबनी नराच्या खात्यात जाते. २५ अंशांना कोशातून बाहेर पडल्यापासून ८ तासांच्या आत गोळा करा. पोटात मेकोनियमचा (नुकत्याच बाहेर आलेल्या माशीच्या आतड्यातला मळ) गडद ठिपका दिसला तर निश्चिंत. मग ३-४ दिवस नराशिवाय ठेवा. अंडी दिसली तर चालेल, अळी दिसली की ती अख्खी व्हायल फेका.

एबनी नरांची दृष्टीही अधू असते, उजेडात प्रणयात मागे पडतात. जमल्यास लाल आणि हिरवी चमकणारी शुक्राणू-शीर्षे असलेले वाण मिळवा (२०१० पासून आहेत). मादीच्या साठवण-अवयवांत कोणाचे किती शुक्राणू उरले ते थेट मोजता येते.

विश्लेषणात एकक मादी, माशी नव्हे. सगळ्या व्हायलची बेरीज करू नका. साधे बायनोमियल (द्विपद) मॉडेलही नको, विखुरणे जास्त असते, ते जास्तीचे विखुरणे धरणारे क्वासी-बायनोमियल वापरा.