स्क्रीन रीडरसाठी लपवलेला मजकूर गूगलच्या धाकाने काढून टाकायचा का?

कळफलक:
एका क्लायंटच्या एसईओवाल्याने (साइट गूगलच्या निकालांत वर आणायचं काम करणाऱ्याने) सांगितलंय, साइटवरचा सगळा हिडन टेक्स्ट काढा, नाहीतर गूगल खाली ढकलेल. हा हिडन टेक्स्ट म्हणजे काय, तर बातम्यांच्या यादीत प्रत्येक बातमीखाली "अधिक वाचा" आहे आणि त्या लिंकमध्ये बातमीचा मथळा घातलाय, डोळ्यांना न दिसणारा. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लिंकांची यादी उघडून बघा. मथळा नसेल तर "अधिक वाचा, लिंक, अधिक वाचा, लिंक" असं दहादा ऐकू येतं. कुठली लिंक कशाची, पत्ता लागत नाही.

पांढऱ्यावर पांढरी अक्षरं, शून्य आकाराचा फॉन्ट हे गूगलच्या स्पॅम धोरणात बसतं, मान्य. पण त्याच धोरणात स्पष्ट लिहिलंय की स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेला मजकूर, क्लिक केल्यावर उघडणारे टॅब, अकॉर्डियन हे उल्लंघन नाही. मी काढणार नाही.

रँकदार:
धोरण मीही वाचलंय. पण मजकूर उणे ९९९९ पिक्सेलवर, म्हणजे पडद्याबाहेर, ढकलायची युक्ती सोयीसाठीही वापरतात आणि फसवणुकीसाठीही. कोड सारखाच. यंत्राला हेतू कळेलच याची हमी कोण देणार? २००६ साली गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट निकालांतून काढली होती. एवढ्या मोठ्या कंपनीची गय केली नाही. लपवायचंच असेल तर सरळ डिस्प्ले नन (मजकूर पूर्ण गायब करणारी कोडमधली सूचना) लावा.

कळफलक:
डिस्प्ले नन लावलं की स्क्रीन रीडरही तो मजकूर वाचत नाही! ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच मिळणार नाही. म्हणूनच मजकूर एक पिक्सेलच्या चौकटीत क्लिप करावा लागतो, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही पण स्क्रीन रीडर वाचतो. आणि बीएमडब्ल्यूने शोधयंत्राला शब्दांनी भरलेलं पान दाखवून माणसाला दुसऱ्याच पानावर नेलं होतं. माझा मथळा तर त्याच पानावर ठळक अक्षरात आहे.

कानाने वाचणारा:
मी दिवसभर स्क्रीन रीडरवर काम करतो. रँकदार, तुमच्याच व्यवसायातले लोक बुटाच्या फोटोच्या अल्टमध्ये (फोटोचं वर्णन लिहायच्या न दिसणाऱ्या मजकुरात) "स्वस्त बूट, उत्तम बूट, ऑनलाइन बूट" भरतात. बघणाऱ्याला त्याचा त्रास नाही, मला तो ढीग शेवटपर्यंत ऐकावा लागतो. शोधयंत्रं याबाबत आणखी कडक झाली तर मला हवंच आहे.

पण कळफलक, मथळ्यालाच लिंक का नाही दिली? मग लपवायला काही उरतच नाही. स्क्रीन मोठी करून वाचणाऱ्यालाही ते सोपं.

कळफलक:
या यादीपुरतं तुमचं खरं आहे, बदलतो. पण शोधाचं, नुसतं भिंगाचं चिन्ह असलेलं बटण? त्याला नाव द्यावंच लागतं. कीबोर्डवरची टॅब कळ दाबल्यावरच दिसणारी "मुख्य मजकुराकडे जा" ही लिंकही हवीच. हे सगळं "हिडन" म्हणून सरसकट काढायला सांगणं मला पटत नाही.

रँकदार:
बटणाच्या दोन शब्दांवर माझा आक्षेप नाही. डिस्प्ले ननबद्दल माझंच चुकलं. माझी भीती वेगळी आहे. मजकूर लपवणारा तो क्लास (कोडमधली खूण) बातम्या लिहायच्या एडिटरमध्ये सगळ्यांच्या हाती दिलात, तर उद्या मार्केटिंगवाला त्यात दोनशे शब्दांचा परिच्छेद कोंबेल. मी हे होताना पाहिलंय, आणि निस्तरायला मलाच बसावं लागलं. क्लास टेम्प्लेटपुरताच, म्हणजे साइटच्या ठरलेल्या साच्यापुरताच, ठेवा.

कानाने वाचणारा:
हे मात्र कराच. आणि कळफलक, त्या भिंगाच्या बटणाला नाव काय दिलंय? कितीतरी साइटवर मला तिथे नुसतं "बटण" ऐकू येतं.