डीव्हीडी रायटर बाद करण्याआधी पोर्ट बदलून बघा
वर मडगावच्या सभासदाने लिहिलंय की नव्या मदरबोर्डावर एम.२ एसएसडी (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये थेट बसणारी पट्टीसारखी डिस्क) बसवली, जुनी हार्ड डिस्क दिसते, पण डीव्हीडी रायटर बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्येही) येत नाही. रायटर गेला असं लगेच धरू नका. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क, रायटरची केबल लावायच्या जागा) एकाच लाइनवर असतात. स्लॉट भरला की ते पोर्ट बंद. कुठले, ते मॅन्युअलमध्ये तक्त्याखाली बारीक अक्षरांत दिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावा. साटाच्या आधीच्या आयडीई जोडणीसारखी मास्टर-स्लेव्ह जंपरची (एका केबलवरच्या दोन डिस्कमध्ये पहिली कुठली ते ठरवणाऱ्या पिनांची) भानगड साटाला नाही.

विंडोज नव्याने टाकणार असाल तर मात्र जुन्या डिस्कची केबल तेवढ्यापुरती काढाच. नाहीतर बूट फाइल्स (विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स) कधीकधी तिच्यावर जाऊन बसतात, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. हे फार लोकांना उशिरा कळतं, म्हणून कळकळीने सांगतोय.

आणि केबल जुनी असेल तर टोकाच्या सात सोनेरी पट्ट्या उजेडात धरून बघा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्या काळवंडतात. तशा दिसल्या तर नवी केबल घ्या, महाग नसते.