मदत हवी आहे – गुलामगिरीवरच्या आत्मचरित्रातले इंग्रजी शब्द लक्षात राहत नाहीत

सुगंधा_क
नमस्कार. वहीत 212 शब्द अर्थासकट उतरवून काढले, रात्री जागून पाठ केले, आणि काल चाचणीत 20 पैकी 7. 'मिस्ट्रेस'चा अर्थ तर शब्दकोशात बघून लिहिला होता, तरी लाल फुली. पुढची चाचणी 10 दिवसांवर आली आहे. रोज किती शब्द करू आणि कसे करू? कृपया लवकर सांगा.

रानमाळ
कुठलं आत्मचरित्र, ताई? जोतीरावांचं 1873 चं 'गुलामगिरी' म्हणत असाल तर ते आत्मचरित्र नव्हे.

सुगंधा_क
इंग्रजी शब्द असं शीर्षकातच लिहिलंय. फ्रेडरिक डग्लस, अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेला लेखक. अभ्यासाला बहुतेक तेच असतं म्हणून नाव टाकलं नाही.

केदार_म
डग्लसनं आत्मचरित्र तीनदा लिहिलं. 1845, 1855 आणि 1881. तुमचं कुठलं? आणि 'मिस्ट्रेस'पुढे काय लिहिलं होतंत?

सुगंधा_क
1845 चं, लहान आहे ते. मी 'रखेल' लिहिलं. शब्दकोशात तो अर्थ होता. संध्याकाळच्या वर्गाला जाते, बारा वर्षांनी परत शिकतेय. पेपर हातात आला तेव्हा कानशिलं तापली.

ओवी
अगं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. इथे 'मालकीण'. बाल्टिमोरच्या सोफिया ऑल्डबाई. त्यांनीच त्याला एबीसी शिकवली, तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत आणलं, आणि नवऱ्याला कळल्यावर ते थांबलं. तो परिच्छेद परत वाच, अर्थ आपोआप बसेल.

निळी_शाई
मोबाइलवर 'अँकी' घ्या, शब्दांची कार्डं पाठ करून घेणारं अ‍ॅप आहे. रोज 21-22 कार्डं, दहा दिवसांत 212 होतात. सकाळी नवीन, रात्री उजळणी. मी जर्मनची परीक्षा याच जोरावर दिली. बाकी कशात वेळ घालवू नका.

केदार_म
म्हणजे 'मिस्ट्रेस – रखेल' हे कार्ड रोज दोनदा घोटायचं? चूक अजून पक्की होईल. खुद्द डग्लसचं काय झालं ते बघा. 'अ‍ॅबॉलिशन' हा शब्द त्याच्या कानावर सारखा पडायचा. शब्दकोश उघडला तर अर्थ दिलेला, 'अ‍ॅबॉलिश करण्याची क्रिया'. काय रद्द करायचं, तेच कळेना. कुणाला विचारायची सोय नाही. शेवटी शहरातलं एक वर्तमानपत्र हाती लागलं. राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी रद्द करा म्हणून उत्तरेकडून अर्ज गेल्याची बातमी त्यात होती. तिथे त्याला शब्द उलगडला. ताई, तुम्ही नेमक्या त्याच जागी अडला आहात.

निळी_शाई
कार्डावर सुटा शब्द लिहा असं मी कुठे म्हटलं? पूर्ण वाक्य लिहायचं, शब्दाची जागा रिकामी ठेवायची. त्यांच्या हातात दहा दिवस आहेत, निवांत वाचन सुट्टीत करता येईल.

मास्तर_६२
आधी काळ पक्के करा. वर्तमान, भूत, भविष्य, प्रत्येकाचे चार प्रकार. त्याशिवाय इंग्रजी येत नाही.

सुगंधा_क
सर, व्याकरण ठीक आहे माझं. शब्दांचं सांगा. अडलेले लिहिते: ओव्हरसिअर, अलाउन्स, एल. आणि दहाव्या प्रकरणात भर उन्हात माणसं गव्हाला पंखा का घालतायत?

रानमाळ
ताई, ती उफणणी! आमच्याकडे पूर्वी हाताने फिरवायचा उफणणीचा पंखा असायचा. एक जण दांडा फिरवी, एक वरून ओती, एक पुढचा स्वच्छ गहू ओढून घेई, एक मागून पाट्या आणून देई. पुस्तकात हुबेहूब हीच चार माणसं आहेत. पाट्या आणणारा डग्लस. 'ट्रेडिंग यार्ड' म्हणजे मळणीचं खळं. हे ट्रेडिंग व्यापाराचं नव्हे, तुडवण्याचं. ऑगस्टच्या उन्हात तो चक्कर येऊन पडतो, पंखा थांबतो, आणि आवाज बंद पडला म्हणून शंभर यार्डांवरच्या घरातून कोव्ही, ज्याच्या शेतावर डग्लसला राबायला पाठवलेलं असतं तो, धावत येतो. आता फिरत्या पंख्याचा खडखडाट डोक्यात ठेवून वाचा.
ओव्हरसिअर म्हणजे मुकादम.

ओवी
'अलाउन्स'ला भत्ता लिहू नकोस, इथे महिन्याचा शिधा. माणशी आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढे मासे आणि एक बुशेल (धान्याचं माप) मक्याचं पीठ. 'एल' हे कापडाचं माप, 45 इंच, म्हणजे सव्वा वार. याला इंच दिलास तर हा एल घेईल, असं ऑल्ड बायकोला बजावतो.

केदार_म
आपल्याकडे 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' म्हणतात, तोच भाव.

निळी_शाई
तोच नाही. तिथे म्हणणारा मालक आहे आणि ज्याच्याबद्दल बोलतोय तो मुलगा त्याच्या ताब्यात आहे. आपल्या म्हणीत घरमालक पाहुण्याला कंटाळलाय. परीक्षेत ही म्हण लिहिली तर गुण जातील.

केदार_म
हे पटलं. म्हण मागे घेतो.

रानमाळ
अवांतर होईल, पण जोतीरावांचं नाव मी उगीच काढलं नव्हतं. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना आहे, ज्यांनी गुलामांना मोकळं करण्यासाठी झीज सोसली. या दोन पुस्तकांचं नातं वर्गात कुणीतरी सांगायला हवं.

सुगंधा_क
काका, हे माहीत नव्हतं. बाईंना सांगते.
काल रात्री आठवं प्रकरण वाचलं. 'व्हॅल्युएशन' हा शब्द मी घराच्या कर्जाच्या वेळी बँकेत ऐकला होता, म्हणून वहीत घेतलाच नव्हता. इथे मालक मेल्यावर वाटणीसाठी किंमत ठरवायला घोडे आणि पुरुष, गाई आणि बायका, डुकरं आणि पोरं एका रांगेत उभी केलेली. पान उलटवेना. शब्द पाठ करावा लागला नाही.
निळी_शाई, तुमच्यासारखी वाक्याची कार्डं करतेय, पण वाक्य पुस्तकातलंच घेतेय. 30 झाली. जहाजाच्या गोदीत लाकडांवर 'एल', 'एस' अशी अक्षरं बघून तो लिहायला शिकतो. त्यातलं 'लारबोर्ड' काय?

निळी_शाई
जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू. आता तिला 'पोर्ट' म्हणतात. 'एस' म्हणजे स्टारबोर्ड, उजवी. 'एफ' पुढची, 'ए' मागची. चारही एकाच कार्डावर घ्या, जहाजाचं चित्र काढून.