वीज गेली, यूटॉरेंटची यादी कोरी!

देवगडकर: वळवाच्या पावसात वीज गेली, पीसी धाडकन बंद. आता यूटॉरेंटमध्ये (टॉरेंटने फायली उतरवायचं सॉफ्टवेअर) काहीच दिसत नाही. दशावताराची रेकॉर्डिंगं (आमच्याच मंडळाची हां) अर्धवट उतरलीत, फायली डिस्कवर आहेत. पहिल्यापासून उतरवायचं तर गणपती येतील!

मालवणी भाऊ: मेल्या, आधी यूटॉरेंट पुरता बंद कर, घड्याळाजवळचा आयकॉनपण. मग अ‍ॅपडेटा, रोमिंग, यूटॉरेंट ह्या फोल्डरात जा. यादीची फाइल रिझ्यूम.डॅट बाजूक ठेव, तिची आधीची प्रत रिझ्यूम.डॅट.ओल्डची कॉपी करून तेका रिझ्यूम.डॅट नाव दे.

गुहागरची सून: सारखं उघडबंद करू नका, ओल्डवरही कोरी यादी चढेल. ओल्डही गेली तर टॉरेंट फायली (काय उतरवायचं ते सांगणाऱ्या छोट्या फायली) पुन्हा जोडा, जागा जुनीच द्या, फोर्स री-चेक (डिस्कवरच्या फायलींची तपासणी) करा. हॅश (तुकड्याचा ठसा) जुळलेले तुकडे पुन्हा उतरत नाहीत.

देवगडकर: ओल्डनेच काम झालं! यूपीएस घेऊ म्हणतोय. बायको म्हणते, आधी इन्व्हर्टर.