मदत हवी आहे : ढिगाऱ्याखालचा प्रसंग कसा लिहू?

किल्लारीच्या भूकंपावर कथा लिहितेय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची (मातीच्या सपाट छताची) माती, आणि त्याखाली अडकलेली माझी नायिका. अंधारात तिला दिसत काहीच नाही, म्हणजे सगळं आवाज, वास आणि स्पर्शावरच पेलायचं. दातांखाली कचकचणारी माती, बधिर झालेला हात, इथपर्यंत जमलं. पण शेजारी कण्हणारी सासू हळूहळू गप्प होते, तिथे अडलेय. ‘काळजाचं पाणी झालं’ छापाचं नकोय (असलं वाचून मलाच कंटाळा येतो). विशेषणं गाळून नुसत्या शारीरिक तपशिलांवर तो प्रसंग उभा राहील का? लातूर-धाराशिवकडच्यांनी माळवदाच्या घरातले बारकावेही सांगा ना, प्लीज. सासू-सुनेची बोलीसुद्धा तिकडचीच हवीये.