मदत हवी आहे : रेल्वे फाटकाच्या जागी उड्डाणपूल की भुयारी मार्ग?

पुणे–मिरज लोहमार्गावरील आमच्या भागातील फाटक कायमचे बंद करून तेथे उड्डाणपूल बांधावा की भुयारी मार्ग काढावा, याचा विचार सुरू असल्याचे कळते. एका मंगळवारी सकाळी 8 ते 10 या वेळेत मी स्वतः मोजले तेव्हा फाटक सात वेळा पडले, आणि एकदा मालगाडीमागून लगेच प्रवासी गाडी आल्याने रुग्णवाहिका रिक्षांच्या गर्दीत अडकून राहिली. त्यामुळे रस्ता रुळांपासून वेगळा व्हावा याबद्दल दुमत नाही. मात्र फाटकालगत नाला असल्याने भुयारात पाणी साचण्याची भीती आहे, आणि विद्युत तारांवरून पूल न्यायचा तर उतार लांबून दोन्ही बाजूंची दुकाने व शाळेची वाट अडेल.

चोवीस तासांतील गाड्या व वाहनांच्या संख्येचा गुणाकार, म्हणजेच टीव्हीयू, 1 लाखापर्यंत गेला की खर्च वाटून घेऊन पूल मंजूर होऊ शकतो, एवढे वाचनातून समजले. ही गणना व नियोजित आराखडा मिळावा म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. तो कलम 6(3) नुसार संबंधितांकडे वर्ग करण्याऐवजी ‘माहिती आमच्याकडे नाही’ असे उत्तर आले. पहिले अपील करण्याची मुदत अजून शिल्लक आहे.

न्यायालयात जाण्याचा विचार नाही. अशा कामाचा पाठपुरावा ज्यांनी केला आहे त्यांनी कृपया सांगावे : अपील करावे की रेल्वेकडे स्वतंत्र अर्ज, आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट आराखड्यात यावी म्हणून लेखी सूचना नेमक्या कोणत्या टप्प्यावर द्यावी?