मुलीसाठी पहिले रिमोट विमान : मोठ्या पंखाचे ट्रेनर घ्यावे की जायरो असलेले छोटे?

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे आणि तिला रिमोटवरचे विमान उडवायला शिकायचे आहे. आम्ही सांगलीजवळ राहतो. ऊस तुटून गेला की आमचे आणि भावकीचे मिळून पाचेक एकर रान मोकळे होते, वरून विजेची तार जात नाही, आणि डिजिटल स्कायच्या, म्हणजे ड्रोन उड्डाणासाठीच्या सरकारी नकाशावर हा भाग हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या पट्ट्यात येतो, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. प्रश्न विमानाच्या निवडीचा आहे, आणि एकदा चूक झाल्यामुळे या वेळी जाणकारांना विचारूनच पैसे घालायचे ठरवले आहे.

दिवाळीत आम्ही लढाऊ विमानासारखे दिसणारे, पंख धडाच्या खालच्या बाजूला असलेले विमान घेतले होते. पंखांची लांबी 80 सेंटीमीटर, रुंदी 15 सेंटीमीटर आणि बॅटरीसह वजन 620 ग्रॅम. मुलीने ते हातातून सोडले, मी थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा वेग वाढवला, नाक जरा वर झाले, वेग पडला, डावा पंख झुकला आणि विमान नाकावर आपटले. प्रोपेलरचे एक पाते तुटले, पुढचा फोम चुरगळून बॅटरी बाहेर लोंबू लागली आणि मोटरमध्ये काळी माती गेली. मुलगी काही बोलली नाही, बराच वेळ काडीने ती माती काढत बसली. नंतर नाक चिकटवून विमान दोन बोटांवर तोलून पाहिले, तेव्हा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून 7 सेंटीमीटरवर, म्हणजे जवळजवळ निम्म्या रुंदीवर निघाला, म्हणजेच शेपटी जड होती. तो पाव ते एक तृतीयांश रुंदीच्या दरम्यान हवा, हे तेव्हा मला माहीत नव्हते. शिवाय पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर सुमारे 52 ग्रॅम भार येत होता, म्हणजे हे विमान हवेत राहण्यासाठी वेगानेच उडवावे लागणार होते.

आता दोन पर्याय समोर आहेत. पहिले विमान ट्रेनर, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी बनवलेले आहे : 1.4 मीटर लांब व 20 सेंटीमीटर रुंद पंखांचे, पंख धडाच्या वर आणि टोकांकडे किंचित उचललेले, चार चॅनेलचे (रिमोटवरून चार गोष्टी वेगवेगळ्या चालवता येणारे), तीन सेलच्या 2200 एमएएच लिपो बॅटरीसह 850 ग्रॅमचे आहे. भार सुमारे 30 ग्रॅम पडतो. दुसरे एक मीटर लांब व 16 सेंटीमीटर रुंद पंखांचे, 700 ग्रॅमचे, म्हणजे भार 44 ग्रॅमच्या आसपास. पण त्याचा प्रोपेलर मागे आहे, त्यामुळे नाकावर उतरले तरी तो वाचतो, आणि रिमोटची काठी सोडली की जायरो, म्हणजे झुकाव ओळखणारे यंत्र, विमान आपोआप सरळ करतो.

माझा कल पहिल्याकडे आहे. वेगच पडला तर जायरो विमानाला तारू शकणार नाही, आणि सावकाश उडणारे विमान शिकणाऱ्याला विचार करायला वेळ देते, असे मला वाटते. मुलगी महिनाभर रोज वीस मिनिटे संगणकावरच्या सिम्युलेटरवर सराव करते आहे. विमान आपल्याकडे येताना डावे-उजवे उलटे वाटते, तेव्हा जो पंख खाली गेला असेल त्याच बाजूला काठी ढकलायची, हे तिने आता हातात बसवले आहे. उतरवताना मात्र अजून आपटते.

ज्यांनी शिकवले आहे त्यांनी कृपया सांगावे : जायरो नसलेल्या ट्रेनरवरच सुरुवात करणे नववीच्या मुलीला झेपेल का? ढेकळांच्या रानात चाके अडकून विमान कोलांटते, म्हणून चाके काढून पोटावर उतरवले, तर पुढचा प्रोपेलर वाचवण्यासाठी जमिनीला टेकण्याआधी नेमका कधी थ्रॉटल बंद करावा? आणि रिमोट विमानासोबतचाच घ्यावा, की डाव्या हाताला थ्रॉटल असलेला, म्हणजे मोड 2 चा, सहा चॅनेलचा वेगळा घ्यावा, ज्याला दुसरा रिमोट जोडून गरज पडताच मला ताबा घेता येईल? ऊसतोड पुढच्या महिन्यात संपेल, त्याआधी विमान हातात यावे असे वाटते.